डाव्या पानावरचा अंगठा

चेकरबाईंनी पुस्तक ट्यूबलाइटच्या उजेडात तिरकं धरलं आणि डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात डाग शोधला. डाग नव्हता. पुस्तक पोटावर टेकवून त्यांनी एक पान मागे उलटलं. दोनशे तीसवर तो होता, नेहमीच्या जागी, तेलकट, शर्टाच्या बटणाएवढा. दोनशे बत्तीस कोरं. दोनशे चौतीस, छत्तीस, चाळीस, सगळी कोरी. आणि औषधाच्या चपट्या पट्टीची खूण तर पार दोनशे बासष्टवर होती.

शेजारच्या मशीनने टिंग टिंग केलं तेव्हा त्यांना कळलं की आपला डावा हात हलला. तो हलवायची सोय नव्हती. त्यात दोन सुया होत्या. एकीतून रक्त मशीनमध्ये जात होतं, दुसरीतून धुऊन परत येत होतं. सिस्टर चार खुर्च्या पलीकडून लगबगीने आली, नळी सरळ केली, अलार्म बंद केला आणि बाईंच्या चेहऱ्याकडे न बघताच परत गेली.

शर्टांच्या कारखान्यात चेकरबाईंनी सव्वीस वर्षं तयार माल तपासला होता. टाका बघून त्या शिवणाऱ्या बाईचं नाव सांगायच्या, आणि कुणी आजारी असताना तिच्या जागी दुसरीने मशीन चालवलं असेल तर तेही सांगायच्या. पोरींनी त्यांना हे नाव ठेवलं ते प्रेमाने मुळीच नव्हे. पण चिकटलं ते चिकटलंच. कारखाना सुटला, मूत्रपिंडं गेली, तरी नाव काही गेलं नाही.

तेव्हा दोनशे तीसनंतर हात बदलला आहे, एवढं कळायला त्यांना कुणाची गरज नव्हती.

पुस्तक त्यांना तीन महिन्यांपूर्वी डायलिसिस केंद्रासमोरच्या बसथांब्यावर सापडलं होतं. बाकावर पडलेलं, जाडजूड, पाठीवरचा कागद सुटत आलेला. आत पहिल्या पानावर चिठ्ठी डकवलेली: ‘हे पुस्तक हरवलेलं नाही. वाचा आणि पुन्हा कुठेतरी चारचौघांत ठेवून द्या.’ कादंबऱ्या वाचणं हे रिकामटेकड्यांचं काम, असं बाईंचं आयुष्यभराचं मत होतं. पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास छताकडे बघणं हेही काही मोठं कामाचं नव्हे. त्यांनी ते आत आणलं. निघताना मात्र पिशवीत टाकायला हात धजेना, चोरी केल्यासारखं वाटलं. केंद्राची खिडकी म्हणजे चारचौघांतलीच जागा, असं ठरवून त्यांनी शर्टाच्या कॉलरीत घालतात त्या ताठ कॅनव्हासची एक पट्टी खुणेला घातली आणि पुस्तक आपल्या सहा नंबरच्या खुर्चीशेजारी खिडकीत ठेवलं.

गुरुवारी आल्या तर आत दोन खुणा. त्यांची कॅनव्हासची, आणि बारा-पंधरा पानं पुढे गोळ्यांची रिकामी, चेपून सपाट केलेली पट्टी.

सिस्टरला विचारलं तेव्हा तिने दुसऱ्याची सुई काढता काढता सांगितलं की सोमवार, बुधवार, शुक्रवारी या खुर्चीवर एक गृहस्थ असतात, चष्मा लावतात, कटकट करत नाहीत. नऊ खुर्च्यांमागे धावणाऱ्या बाईकडून याहून जास्त वर्णनाची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. बाकीचं चेकरबाईंनी स्वतःच काढलं. एका हाताने पुस्तक धरायचं तर तीन बोटं मागे, करंगळी एका पानावर आणि अंगठा दुसऱ्या पानावर. त्यांच्या सुया डाव्या हातात, म्हणून त्यांचा अंगठा उजव्या पानावर पडायचा. यांचा डाव्या पानावर पडतो, म्हणजे सुया उजव्या हातात. आणि हा तेलाचा डाग साबणाने जाणारा नाही, जन्मभर यंत्रांत हात घातलेल्याचा आहे. पांढऱ्या शर्टावर असा डाग दिसला असता तर बाईंनी माल परत पाठवला असता. इथे मात्र पान उलटलं की त्या आधी तोच बघायच्या. मनातल्या मनात त्यांनी त्याचं नाव सोमवारवाला ठेवलं.

कादंबरी होती पाच भावंडांची. आईबाप लवकर गेलेले आणि सगळं थोरल्याच्या गळ्यात पडलेलं. तो शिकायचा थांबतो, लग्न मोडतो, बहिणींना मार्गी लावतो, आणि पुढे तीच भावंडं त्याला घालूनपाडून बोलतात. एकाहत्तराव्या पानावर चेकरबाईंना राहवलं नाही. त्यांनी पेन्सिलीने समासात लिहिलं, ‘हा माणूस मूर्ख आहे.’

शनिवारी खाली उत्तर होतं. डाव्या हाताने लिहिलेलं, वेडंवाकडं, लहान मुलाने गिरवल्यासारखं. ‘मूर्ख नाही. थोरला आहे.’

त्यावर बाई दिवसभर धुमसल्या. त्यांना थोरलेपण कुणी शिकवायची गरज नव्हती. चार भावंडांत त्या थोरल्या. वडील गेले तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि सगळ्यात धाकटा भाऊ चार वर्षांचा. लग्नाचं वय शर्टांच्या गठ्ठ्यांत कधी निघून गेलं ते त्यांनी मोजलंही नाही. आता त्या धाकट्याकडेच राहत होत्या. सकाळी तो त्यांना स्कूटरवरून आणायचा, चार तास बाहेर बसायचा, घरी सोडून मग कामाला जायचा. त्यासाठी त्याने कायमची दुसरी शिफ्ट मागून घेतली होती. त्याची बायको सकाळी कामाला जाई, तो दुपारी. दोघांची गाठ पडे ती रविवारी. तेव्हाही ती दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत, आणि बाई पाणी मागायला उठल्या की गप्प होत. या आजारात पाणीही त्यांना मोजून. एकेक घोट देताना भावजयीचा चेहरा अपराध्यासारखा होई, आणि ते त्यांना सगळ्यात जास्त लागे.

म्हणून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता पुरे. डायलिसिस बंद करायचं तर कुणाची परवानगी लागत नाही, फक्त यायचं थांबायचं. डॉक्टरांनी एकदा विचारल्यावर सांगितलं होतं की मग आठ-दहा दिवस. एवढे तर त्या सहज काढतील. फक्त हातात घेतलेलं अर्धवट सोडायची सवय नव्हती. सिस्टरला त्या एकदा म्हणाल्याही होत्या की हे पुस्तक संपलं की माझं नाव काढून टाका. सिस्टर म्हणाली होती, मग आणखी जाडं बघायला हवं होतं तुम्ही.

तर असं ते पुस्तक दोन्हीकडून चाललं होतं. दिवसाला सहा-सात पानं, कारण अर्धा वेळ डुलकीत जाई. सोमवारवाला पुढे. तो पुढे जाऊन बाईंसाठी लिहून ठेवायचा. ‘घाई करू नका.’ ‘या मेहुण्यावर विश्वास ठेवू नका.’ एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर त्याने लिहिलं होतं, ‘इथे रडू नका. हात हलतो आणि अलार्म वाजतो. अनुभव.’ बाई तिथे पोचल्या तेव्हा दात-ओठ आवळून वाचत राहिल्या आणि खाली लिहिलं, ‘नाही रडले.’ त्याचं उत्तर आलं नाही. रागावला असेल, त्यांना वाटलं, किंवा हरला म्हणून गप्प बसला असेल. पट्टी तर पुढे सरकतच होती.

आणि आता दोनशे बत्तीस कोरं होतं.

सुया काढून झाल्यावर, कापसाच्या बोळ्यावर बोट दाबून धरत त्यांनी सिस्टरला विचारलं.

“सोमवारवाल्यांची शिफ्ट बदलली का?”

त्या केंद्रात कुणी मरत नसे. शिफ्ट बदलत असे. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे तसंच म्हणत. चेकरबाईंना सहा नंबर मिळाला तोही असाच, कुणाची तरी शिफ्ट बदलली म्हणून.

सिस्टरने ट्रे खाली ठेवला.

“चोवीस दिवस झाले,” ती म्हणाली. “घरीच. झोपेत.”

चेकरबाईंनी मनात दिवस मोजले. एकशे अठ्ठ्याऐंशीवर त्या पोचल्या त्याच्या आधीच तो गेला होता. त्या ‘नाही रडले’ लिहून उत्तराची वाट बघत बसल्या, ते वाचायला कुणी नव्हतंच. गेले तीन आठवडे त्या एका मेलेल्या माणसाचे अंगठे बघत पान उलटत होत्या आणि रोज त्यांना बरं वाटत होतं.

मग पट्टी कोण सरकवतंय, हा प्रश्न त्यांनी विचारायच्या आधीच सिस्टर बोलू लागली. सोमवारवाल्यांच्या जागी एक नवी बाई आली आहे. शाळेत गणित शिकवते. अजून हातात सुया घालण्याइतकी शीर तयार झालेली नाही, म्हणून मानेत नळी बसवली आहे, दोन्ही हात मोकळे. पहिल्या आठवड्यात चारही तास रडायची, कुणाशी बोलायची नाही. एक दिवस तिने खिडकीतलं पुस्तक उचललं आणि विचारलं, हे कुणाचं. सिस्टरने सांगितलं की या खुर्चीचं, गोळ्यांच्या पट्टीची खूण सोमवार-बुधवार-शुक्रवारची, वाचा. तर तिने तिथूनच वाचायला घेतलं.

“तिथून म्हणजे? दोनशे तीसपासून?”

“मला काय कळतं हो त्यातलं. मी शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलेलं नाही.” सिस्टर जरा ओशाळली. “ती तरी सांगत असते काय काय. त्या घरात एक म्हातारा नोकर आहे म्हणाली, सगळे त्याला टाकून बोलतात. फार वाईट वाटतं म्हणाली तिला त्या नोकराचं.”

“नोकर?”

“असं म्हणाली बाई ती.”

चेकरबाईंनी पुस्तक उचललं, दोन्ही खुणांसकट पिशवीत घातलं आणि वजनकाट्यावर न चढताच बाहेर पडल्या. तीन महिन्यांत ते पुस्तक पहिल्यांदाच त्या केंद्राबाहेर पडलं. भावाने पिशवी धरायला हात पुढे केला, तर त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

राहिलेली पन्नास पानं त्यांनी घरी त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी वाचून काढली. दोन्ही हातांनी, पाटावर बसून, निवडायला घेतलेल्या धान्यासारखी. शेवटी थोरला म्हातारा होतो. भावंडं जमतात, त्याला कुणी न्यायचं यावर हळू आवाजात बोलतात, आणि तो ऐकत नसल्यासारखा अंगणात बसून राहतो. मग धाकट्याला हाक मारतो आणि म्हणतो, माझी नखं काप, मला आता दिसत नाही. आयुष्यात त्याने कुणाकडे काही मागितलेलं हे एवढंच. धाकटा कात्री आणायला आत जातो आणि पुस्तक संपतं.

हा काय शेवट झाला? चेकरबाईंना भयंकर राग आला. त्यांनी पेन्सिल शोधली, टोक काढलं, समासावर टेकवली, आणि मग हात तिथेच राहिला. लिहायचं कुणासाठी? त्या तशाच बसून राहिल्या आणि मग रडल्या. इथे अलार्म वाजायचा प्रश्न नव्हता, तेव्हा पोटभर रडल्या. भावजय दाराशी येऊन उभी राहिली आणि परत गेली.

शनिवारी सकाळी त्या नेहमीच्या वेळी तयार झाल्या. पायांवर सूज चढली होती, चप्पल बसेना. बसथांब्याशी त्यांनी भावाला स्कूटर थांबवायला सांगितलं, उतरल्या, पुस्तक बाकावर ठेवलं आणि परत आल्या. जिथे सापडलं तिथे परत दिलं, कुणाचं काही ठेवलं नाही.

“चल, घरी जाऊ,” त्या म्हणाल्या.

“ताई, उशीर होतोय आपल्याला.”

“मी येणार नाही आता. आज नाही, मंगळवारी पण नाही.”

भावाने हेल्मेट काढलं, बघितलं, परत घातलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने स्कूटर बंद केली.

“मी शिफ्टबद्दल कधी काही बोललोय का तुला?”

“बोलला नाहीस म्हणूनच.”

तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. चाळिशी उलटलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेला माणूस, पण पाठमोरा उभा राहिला की बाईंना तो अजूनही चार वर्षांचाच दिसे. त्याचे खांदे हलत होते. त्या बाकाकडे बघत राहिल्या.

बाकावर एक माणूस येऊन बसला होता, डबा मांडीवर घेऊन. त्याने पुस्तक उचललं. चिठ्ठीचं पान त्याला दिसलंच नाही. औषधाची पट्टी होती तिथे ते आपोआप उघडलं आणि तो तिथूनच वाचू लागला. चार ओळी वाचल्या, कपाळाला आठ्या घातल्या, कोण कुणाचं कोण हे त्याला कळेना हे इतक्या लांबूनही दिसत होतं. मग त्याने पुस्तक मिटून डब्याखाली ठेवलं.

त्या पट्टीची आठवणच त्यांना राहिली नव्हती. त्या गणिताच्या बाईची पट्टी. काल शुक्रवार होता. मानेत नळी घेऊन ती आली असेल, खिडकीत बघितलं असेल. तिला थोरला नोकर वाटला यात तिचा काय दोष? त्याने शाळा सोडली ते तिने वाचलेलं नाही. बहिणीच्या लग्नात तो मागे भांडी मोजत उभा होता ते वाचलेलं नाही. शेवटून बघितलं तर तो नोकरच दिसणार. आणि आता कुणीच तिला सांगणार नाही. सोमवारवाला असता तर त्याने सांगितलं असतं, डाव्या हाताने, वेडंवाकडं. या विचाराने चेकरबाईंना बसवेना की उभं राहवेना.

त्या सुजलेल्या पायांनी बाकाशी गेल्या आणि डब्याखालचं पुस्तक ओढून घेतलं.

“तुमचं आहे का?” माणसाने विचारलं.

“नाही, माझं नाही. एकीचं अर्धं राहिलंय.”

केंद्रात पोचायला त्यांना पाऊण तास उशीर झाला होता. सिस्टर चिडलेली होती. ती काट्यावरचा आकडा बघून आणखी चिडली आणि एवढं पाणी अंगात घेऊन माणूस जिन्यावर कोसळतो, हे तिने भावालाही ऐकवलं. मग मशीन लावता लावता म्हणाली की काल त्या बाईने सगळीकडे शोधलं, खुर्चीखालीसुद्धा वाकून बघितलं, नळी सांभाळत. तिला वाटलं आपल्याकडूनच हरवलं.

“पाच मिनिटं थांबा,” चेकरबाई म्हणाल्या. “हात मोकळे आहेत तोवर.”

त्यांनी दोनशे बासष्टवरून पट्टी काढली, पुसली आणि पहिल्या पानावर घातली. पेन्सिल पिशवीत होतीच. चिठ्ठीखालच्या कोऱ्या जागेत त्यांनी ठळक, सरळ अक्षरात लिहिलं:

‘इथून वाचा, मधून नको. तो म्हातारा नोकर नाही, या सगळ्यांचा थोरला भाऊ आहे. डाव्या पानांवर डाग दिसतील ते तुमच्या आधी या खुर्चीवर बसायचे त्यांचे आहेत, खोडू नका. अडलं तर समासात लिहा. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी असते.’

सिस्टर खांद्यावरून वाचत होती. शेवटची ओळ तिने ओठ हलवत दुसऱ्यांदा वाचली. पुस्तक संपलं की नाव काढून टाका म्हणणाऱ्या बाईंकडे तिने एकदा बघितलं आणि दंडाला रबरी पट्टा बांधला.

“मूठ वळा,” ती म्हणाली.

चेकरबाईंनी मूठ वळली.